उजव्या कोपऱ्यातलं बारीक नाव

गेल्या महिन्यात भाच्याची मुंज होती. आईचं आधीपासून ठरलेलं, की पाहुण्यांना द्यायचे डबे नाव घालूनच द्यायचे, कारण नाव नसलं की भांडं दोन महिन्यांत दुसऱ्या कुणाच्या तरी मुंजीत फिरतं असा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे (तिने स्वतःही फिरवलेली आहेत, पण ते असो). तर मी ४० स्टीलचे डबे दोन पिशव्यांत भरून ॲक्टिव्हावर रविवार पेठेत गेले. पार्किंग मिळेपर्यंत जे काय झालं त्यावर वेगळी पोस्ट होईल.

दुकानाच्या पायरीशी नाव घालणारे काका बसतात. मांडीवर गोणपाट, त्यावर डबा, हातात वायर लावलेलं ते जाड पेनासारखं मशीन. कागदावर नाव लिहून दिलं, त्यांनी एकदा वाचलं, आणि पेन्सिलची खूण वगैरे काही न करता डायरेक्ट टर्रर्र. मी उगाच वाकून बघत बसले. आणि लक्षात आलं की ती रेघ नाहीच मुळी! बारीक बारीक टिंबं आहेत, एकाला एक चिकटून. सुई वरखाली नाचत असते, हात हळू नेला की टिंबं दाटतात आणि अक्षर गडद होतं, हात पटकन नेला की विरळ होऊन अक्षर फिकं पडतं. आजीच्या पितळी डब्यावरचं नाव पण टिंबांचंच आहे, फक्त ते मशीनचं नाही, टोच्या आणि हातोडीने एकेक ठोकलेलं, बोट फिरवलं तर अजून खरखरीत लागतं.

"काका, हे तर स्टिपल झालं!" मी एकदम बोलून गेले.

"काय झालं? चुकलं का?" काकांनी मशीन बंद केलं.

चुकलं नव्हतं. म्हणजे तेव्हा तरी नव्हतं.

त्याचं असंय की गेले तीन महिने माझ्या डोक्यात एक इटालियन माणूस बसलाय. माझ्याकडे घरी ड्रॉइंगचा क्लास आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं येतात, आणि टिंबांनी शेडिंग (स्टिपल म्हणतात ते हेच) करा म्हटलं की सगळ्यांची तोंडं कारल्याची भाजी वाढल्यासारखी होतात. एकाने तर विचारलं की मॅडम, टिंबांवर कुणाचं पोट भरतं का. म्हटलं थांब, दाखवतेच तुला. आणि शोधता शोधता सापडला फ्रान्चेस्को बार्तोलोझ्झी, ज्याचं पोट टिंबांवर इतकं चांगलं भरलं की इंग्लंडच्या राजाने त्याला पगार दिला.

जन्म १७२७, फ्लॉरेन्स. वडील सोनार. म्हणजे धातू, हत्यार, बारीक काम हे सगळं घरातच. तिथल्या अकादमीत चित्रकला शिकला, तिथेच चिप्रियानी नावाचा मित्र मिळाला, हा मित्र पुढे फार महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा. मग व्हेनिसला जोसेफ वॅग्नर म्हणून मूळचा जर्मन एन्ग्रेव्हर होता त्याच्या हाताखाली गेला. एन्ग्रेव्हिंग म्हणजे काय हे थोडक्यात सांगते, कारण मलाही आधी नीट माहीत नव्हतं आणि मी आर्ट टीचर डिप्लोमा केलेली बाई आहे!

तांब्याचा पत्रा घ्यायचा, ठोकून ठोकून घट्ट केलेला. (हे वाचल्यावर मला कसब्यातली तांबट आळीच ऐकू आली, मठारकाम चालू असताना तिथून जाऊन बघा, बोललेलं ऐकू येत नाही.) त्यावर टोकदार पोलादी हत्याराने चर कोरायचे. गंमत म्हणजे वळणदार रेघ काढायची तर हत्यार फिरवायचं नाही, ते जवळजवळ जागेवरच ठेवायचं आणि पत्रा फिरवायचा, त्यासाठी पत्र्याखाली वाळू भरलेली चामड्याची गोल उशी असते. चित्र सगळं उलटं कोरायचं, कारण छापल्यावर ते सुलटं येणार. मग चरांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवून दाबाच्या रुळांमधून काढायचं. चरात उरलेली शाई कागद ओढून घेतो. मोठं चित्र रेघांमध्ये कोरायला वर्षं लागायची, वर्षं! आणि आमची मुलं अर्ध्या तासात "मॅडम बोट दुखतंय".

१७६४ साली इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा ग्रंथपाल रिचर्ड डाल्टन याने बार्तोलोझ्झीला लंडनला बोलावलं. वर्षाला ३०० पौंड आणि 'राजाचा एन्ग्रेव्हर' हा मान. काम काय, तर राजाच्या संग्रहात ग्वेर्चिनो या जुन्या इटालियन चित्रकाराची रेखाचित्रं होती, त्यांच्यावरून तांब्यावर प्रती करायच्या. पस्तिशी ओलांडलेला माणूस सामान बांधून निघाला. चिप्रियानी आधीच लंडनला पोचलेला होता, मग काय, त्याच्याकडेच मुक्काम, जसे आपल्याकडे कोकणातून पुण्यात आलेले लोक आधी मामाकडे उतरतात तसं. पुढे वीस वर्षं ही जोडी, चिप्रियानीने काढायचं आणि याने कोरायचं.

टिंबांचा शोध बार्तोलोझ्झीने लावला नाही हे आधीच सांगते, कारण बऱ्याच ठिकाणी तसं वाटेल असं लिहिलेलं असतं. फ्रान्समध्ये खडूच्या चित्रासारखं दिसणारं एन्ग्रेव्हिंग निघालं होतं, ते विल्यम वाइन रायलँड नावाचा माणूस पॅरिसहून शिकून लंडनला घेऊन आला. पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, त्यातून सुईने टिंबं टोचायची, पत्रा ॲसिडमध्ये घालायचा, जिथे टोचलंय तिथेच ॲसिड तांबं खातं, आणि मग लेप काढून वाकड्या टोकाच्या हत्याराने हवी तिथे आणखी टिंबं भरायची. गालावरची सावली, मानेखालचा मऊपणा हे रेघांत कधी येणार नाही असं यात येतं. या रायलँडचं पुढे काय झालं? तर १७८३ साली फाशी! ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने खोटी हुंडी केली म्हणून. रक्कम ७,११४ पौंड. कंपनी इकडे आपल्याला धुऊन काढत होती आणि हा बहाद्दर तिकडे कंपनीलाच गंडवायला निघाला, मला वाचून वाईट वाटायला हवं होतं पण तसं काही वाटलं नाही, सॉरी.

तर शोध रायलँडने आणला आणि नाव झालं बार्तोलोझ्झीचं. विटकरी, गेरूसारख्या शाईत छापलेली गुबगुबीत बाळं, झाडाखाली उसासे टाकणाऱ्या बायका, अँजेलिका कॉफमनच्या चित्रांवरून केलेले देखावे. लोकांनी फ्रेमा करून दिवाणखान्यात लावले, पंख्यांवर छापले, नाटकाची आणि संगीताच्या जलशाची तिकिटं त्याच्याकडून कोरून घेतली. जोशुआ रेनॉल्ड्स हा मोठा चित्रकार १७९२ मध्ये वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीचं कार्डसुद्धा बार्तोलोझ्झीने कोरलेलं होतं. म्हणजे लग्नपत्रिका छापणारा तो मयताची पण छापणार, धंदा म्हणजे धंदा.

मला स्वतःला ही सगळी गोड चित्रं फारशी आवडत नाहीत, खोटं कशाला बोलू. जास्तच साखर आहे. होल्बाइन या जुन्या जर्मन चित्रकाराने काढलेले माणसांचे चेहरे आहेत ना, कडक, कोरडे, बघणाऱ्याची भीड न ठेवणारे, त्यांच्यावरून याने १७९२ ते १८०० मध्ये प्रती केल्या आणि त्यात सगळ्यांना थोडं थोडं सुंदर करून टाकलं. आत्ताच्या भाषेत फिल्टर लावला. पण ग्वेर्चिनोवरून केलेली कामं बघा, तिथे हात मोकळा आहे, शाईचा फराटा जिथे सुटलाय तिथे तसाच सुटू दिलाय. तांब्यावर, उलटं, आणि तरी घाईत काढल्यासारखं! हे मला जन्मात जमणार नाही.

आता नावाचं प्रकरण. जुन्या छापचित्रांखाली दोन बारीक नावं असतात. डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचं, त्यापुढे लॅटिनमध्ये 'पिंक्सिट', म्हणजे याने रंगवलं. उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, पुढे 'स्कल्प्सिट', म्हणजे याने कोरलं. मला हे इतकं आवडलं! दोघांना जागा आहे. आपल्याकडे दिवाळी अंकात चित्रकाराचं नाव मिळालं तरी ब्लॉक करणाऱ्याचं कुणी छापलं होतं का कधी?

पण जागा असली तरी मान सारखा नव्हता. १७६८ साली लंडनची रॉयल अकादमी स्थापन झाली तेव्हा एन्ग्रेव्हरना सभासद करून घ्यायचं नाही असं ठरलं, कारण ते काय, दुसऱ्याचं बघून काढतात. आणि तरी संस्थापक सभासदांच्या यादीत बार्तोलोझ्झी आहे. कसा? तर 'चित्रकार' म्हणून! आयुष्यभर तांबं कोरणारा माणूस मागच्या दाराने ब्रश घेऊन आत. यावर रॉबर्ट स्ट्रेंज म्हणून एक जबरदस्त स्कॉटिश एन्ग्रेव्हर होता तो इतका भडकला की १७७५ मध्ये त्याने अकादमीच्या विरोधात पुस्तकच छापलं. स्ट्रेंज म्हणायचा की बार्तोलोझ्झी फक्त तिकिटं कोरण्याच्या लायकीचा, आणि त्याला उत्तर म्हणून याने कराचीच्या चित्रावरून 'क्लायटी' कोरून दाखवली, असा किस्सा सांगतात. (कराची म्हणजे आनिबाले कराची, इटालियन चित्रकार, शहर नव्हे. मीही एक मिनिट गोंधळले होते.)

मला इथे स्ट्रेंजचं पटतं. म्हणजे बार्तोलोझ्झीबद्दलचं नाही, अकादमीबद्दलचं. घ्यायचं तर कोरणारा म्हणून घ्या ना. स्थापनेच्या पुढच्या वर्षी त्यांनी एन्ग्रेव्हरसाठी सहा जणांची खालची पायरी काढली, पूर्ण सभासदत्व नाहीच. ते मिळायला १८५५ उजाडलं. आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे अकादमी आपल्या सभासदांना जी सनद द्यायची, ती चिप्रियानीने काढलेली आणि कोरलेली कुणी? बार्तोलोझ्झीने. घरात घेणार नाही पण दारावरची पाटी तूच रंगव.

त्या काळचं एक पोर्ट्रेट आहे, १७७७ चं, जॉन फ्रान्सिस रिगो याने केलेलं, तीन इटालियन मित्र एकत्र, शिल्पकार कार्लिनी, चिप्रियानी आणि बार्तोलोझ्झी. परदेशात राहिलेल्या तीन गाववाल्यांचा फोटो असावा तसंच वाटतं ते. चिप्रियानी १७८५ मध्ये गेला, त्याचं स्मारक बार्तोलोझ्झीने उभं केलं.

आता येते ती गोष्ट जिच्यामुळे मी ही पोस्ट तीन महिने लिहायची टाळली.

बार्तोलोझ्झीच्या नावावर दोन हजारांच्या वर छापचित्रं आहेत. एका माणसाने दोन हजार? शक्यच नाही. त्याच्याकडे शिकायला पोरं होती, मदतनीस होते, अख्खा कारखानाच म्हणा. पोरांनी पत्रा तयार करायचा, टिंबं भरायची, मास्तरांनी शेवटी चेहऱ्यावर, ओठांवर हात फिरवायचा, आणि उजव्या कोपऱ्यात नाव? 'बार्तोलोझ्झी स्कल्प्सिट'. कारण त्या नावाला भाव होता. आता शिक्षक म्हणून तो वाईट होता असं अजिबात नाही, उलट हाताखालची पोरं काय निघाली बघा. पेल्ट्रो विल्यम टॉमकिन्स राणीचा एन्ग्रेव्हर झाला आणि राजकन्यांना ड्रॉइंग शिकवायला लागला. जिओव्हानी वेंद्रामिनी हा आणखी एक, त्याने श्रीरंगपट्टणवरच्या हल्ल्याचं प्रचंड चित्र कोरलं, टिपू पडल्यावर तीन वर्षांत ते लंडनमध्ये विकायला होतं. लुइजी स्कियाव्होनेटी तर असा तयार झाला की कवी आणि एन्ग्रेव्हर विल्यम ब्लेकचं हातातोंडाशी आलेलं कोरायचं काम त्याला मिळालं आणि ब्लेक जन्मभर धुमसत राहिला. मास्तरांनी शिकवलं, नक्की शिकवलं. पण शिकत असताना ज्या हातांनी टिंबं भरली ते हात कोपऱ्यात कुठेच नाहीत.

तर. सात वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाने मला हॉलच्या भिंतीसाठी पेशवाई थाटाची आठ पॅनेल करायचं काम दिलं होतं. पैसे बरे होते, मुदत फारच कमी. तेव्हा क्लासमधल्या तीन मोठ्या मुली रात्री दहा-दहापर्यंत थांबून माझ्याबरोबर काम करायच्या, आई त्यांना साबुदाण्याची खिचडी करून द्यायची. आठपैकी पाच पॅनेलचं बॉर्डर आणि कपड्यांवरचं काम पूर्ण त्यांचं, त्यातलं एक, मेण्याचं, तर जवळजवळ सगळंच एकीने केलं होतं, मी शेवटी डोळे आणि नथ केली. मानधन दिलं त्यांना, ते नाही बुडवलं. पण आठही पॅनेलवर, उजव्या कोपऱ्यात खाली, माझी सही. दोन वर्षांनी त्या मुलीने फोटो बघून मला लिहिलं होतं, ताई, आमचं नाव कुठेच नाही का हो, आणि पुढे एक हसरा स्मायली. मी काय उत्तर दिलं माहितीये? "अगं, असंच असतं प्रोफेशनल कामात."

असंच असतं! दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये पण असंच होतं हे कळल्यावर मला दिलासा मिळायला हवा होता ना?

बार्तोलोझ्झीचं पुढचं आयुष्य भरभर सांगते. कमावलं भरपूर, टिकवलं नाही. मुलगा गाएतानो छापचित्रांच्या व्यापारात होता, त्याने तेरेझा यान्सेन नावाच्या उत्तम पियानो वाजवणाऱ्या बाईशी १७९५ मध्ये लग्न केलं, त्या लग्नाला साक्षीदार म्हणून संगीतकार हायडन होता. त्यांची मुलगी म्हणजे मादाम व्हेस्ट्रिस, लंडनच्या रंगभूमीवर गाजलेली नटी आणि स्वतः थिएटर चालवणारी बाई. आणि आजोबा? १८०२ साली, वयाच्या पंचाहत्तरीला, जेव्हा आपल्याकडे माणसं संचेती चौकात रस्ता ओलांडायला घाबरतात, तेव्हा हे गृहस्थ लंडन सोडून लिस्बनला निघाले, पोर्तुगालच्या शाही छापखान्यात एन्ग्रेव्हिंगचा वर्ग चालवायला. पुन्हा नवा देश, नवी भाषा, नवी पोरं. १८०७ मध्ये नेपोलियनचं सैन्य लिस्बनवर चालून आलं, राजघराणं जहाजांत बसून ब्राझीलला गेलं, म्हातारा मात्र तिथेच राहिला. ७ मार्च १८१५ ला लिस्बनमध्येच गेला. सत्याऐंशी वर्षांचा होता.

हे वाचत असताना सारखं मनात यायचं की तेव्हा पुण्यात काय चाललं होतं. तर तेव्हा पुण्यात तांब्यावर कोरायचंच चाललं होतं! इंग्रज रेसिडेंट मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकाराने १७९० नंतर इथे चित्रकलेची शाळा निघाली, तिच्यात शिकलेला गंगाराम तांबट, ज्याने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. आणि नाना फडणवीसांच्या डोक्यात तांब्याचे पत्रे कोरून भगवद्गीता छापायची होती, त्यासाठी एका तांबटाला तयार केलं होतं. पण १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, पुण्यात गोंधळ, काम राहिलं. मग तो तांबट मिरजेला गेला आणि पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता छापून झाली. १८०५ म्हणजे शके १७२७, आणि आपला बार्तोलोझ्झी इसवी सन १७२७ चा. याला काडीचा अर्थ नाही, पण मला आकडे जुळले की बरं वाटतं. गंगारामाचं नाव तरी उरलं. गीता कोरणाऱ्याचा उल्लेख मी जिथे जिथे वाचला तिथे नुसता 'तांबट'. अठरा अध्याय, सातशे श्लोक, उलट्या अक्षरांत.

तर परत रविवार पेठेत. सव्विसाव्या डब्यावर काका चुकले. तोवर चहावाला आला होता, त्याच्याशी बोलता बोलता भाच्याच्या नावातला एक काना गेला. मी म्हटलं आता? तांब्याच्या पत्र्यावर चूक झाली की ती खरवडून, घासून, मागून हलकेच ठोकून पत्रा वर उचलता येतो, बार्तोलोझ्झीच्या कारखान्यात हे रोज होत असणार. स्टीलच्या डब्याला मागून कुठलं ठोकणार. काकांनी काहीच न बोलता त्या जागेवर पाच पाकळ्यांचं फूल काढलं, शेजारी दोन पानं काढली आणि नाव खाली पुन्हा घातलं. उगाच शोभेला काढल्यासारखं दिसत होतं. मी विचारलं, तुमचं नाव घालता का कधी कुठे? "घरच्या पिंपाला घातलंय," म्हणाले, "नाहीतर चाळीत बदलतं."

घरी येऊन मी ते पॅनेलचे जुने फोटो काढले. मूळ पॅनेल कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी रंगकामात उतरवली, कुठे गेली देव जाणे, तिथे आता काही करता येत नाही. पण फोटो माझ्या पेजवर आहेत. प्रत्येक फोटोवर उजव्या कोपऱ्यात ज्या ज्या मुलीने ते केलं तिचं नाव बारीक अक्षरात टाकलं, आणि मेण्याच्या पॅनेलवरची माझी सही डावीकडे सरकवली. मग सगळ्यांना टॅग केलं. ती मेण्यावाली आता बेंगळुरूला ॲनिमेशनमध्ये आहे, लग्न होऊन आडनाव बदललंय का नाही हेही मला धड माहीत नव्हतं. रात्री अकराला तिचा मेसेज आला.

"ताई!! अहो किती छान. पण आडनावात वेलांटी चुकलीये."

फूल काढू का, असं विचारलंय मी तिला.